विचारणे म्हणजे हात पसरणे नव्हे

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला तो असा : नोकरी-धंद्यात अनोळखी माणसांशी ओळख कशी करावी आणि ती टिकवावी कशी. विषय ऐकून काही जण म्हणाले, "विहारात हा विषय कशाला?" आमचे उत्तर सोपे आहे. या वस्तीत घरोघरी आज आयटीआय झालेला, डिप्लोमा झालेला, बी.कॉम. झालेला मुलगा नाहीतर मुलगी आहे. शिक्षण आहे, कागद आहेत, हुशारीही आहे. मग अडते कुठे? कारखान्याच्या गेटच्या आत आपले कोणी नाही, तिथे अडते. म्हणून हा विषय इथेच बोलला पाहिजे.

आम्ही म्हणजे कोण, तेही सांगतो. दर रविवारी सकाळी विहारात मुलांशी नोकरी-धंद्याबद्दल बोलायला बसणारी आम्ही पाच-सहा माणसे. कोणी टूलरूममधून निवृत्त झालेले, कोणी स्टोअरमध्ये, कोणाचे भोसरीत दोन मशिनचे छोटे वर्कशॉप, एक भगिनी रुग्णालयात परिचारिका. भाषण एकाने केले तरी यातले बोल सगळ्यांचे आहेत.

आधी थोडे मागे जाऊ. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला पूज्य बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढच्या काळात भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळावर शेडमागून शेड उभ्या राहिल्या. १९७२ च्या दुष्काळात गावेच्या गावे पोटासाठी बाहेर पडली. आपले आईवडील मराठवाड्यातून, सोलापूरकडून, नगरकडून इकडे आले ते कोणाच्या आधाराने? गाववाल्याच्या. एका खोलीत आठ-आठ माणसे राहिली. आधी आलेल्याने मुकादमाच्या कानावर घातले, "आपलाच पोरगा आहे, कामाला वाघ आहे." तेवढ्यावर काम लागले. त्या ओळखीने आपल्याला उभे केले, हे विसरून चालणार नाही.

पण त्या वेळचे काम एका प्रकारचे होते. हेल्पर, हमाल, बिगारी. आत असलेल्या माणसाला ते ठाऊक होते आणि बाहेरच्याला ते करता येत होते. आज तसे राहिले नाही. कारखाने चाकणकडे सरकले. १९९९ मध्ये बजाजचा कारखाना तिथे आला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा. मोठी कंपनी सगळे भाग स्वतः करीत नाही. ती व्हेंडरकडून घेते, मोठा व्हेंडर लहान व्हेंडरकडून घेतो, लहान व्हेंडर भोसरीच्या गल्लीतल्या जॉबवर्कवाल्याकडे देतो. या साखळीत कुठे सेटर हवा आहे, कुठे नवा पार्ट डेव्हलपमेंटला निघाला आहे, कोणत्या शेडमधले जुने मशिन विकायचे आहे, ही बातमी कागदावर येण्याआधी तोंडातोंडी फिरते. आपला गाववाला त्या साखळीत नसेल, तर बातमी आपल्या गल्लीपर्यंत पोहोचतच नाही. मग आपल्या वाट्याला उरतो तो ठेकेदार आणि सात-सात महिन्यांचे कंत्राट.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत बोस्टनजवळ न्यूटन नावाचे शहर आहे. तिथे मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने २८२ नोकरदारांना एक साधा प्रश्न विचारला : ही नोकरी तुम्हाला कशी कळली? १९७३ आणि १९७४ मध्ये त्यांचे लेखन प्रसिद्ध झाले. निम्म्याहून जास्त, म्हणजे ५६ टक्के लोकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. पण ओळख कोणाची? रोज उठबस असलेल्या जिवलगांची १७ टक्क्यांहूनही कमी. बाकी सगळी अधूनमधून, नाहीतर वर्षातून एखाद्या वेळी भेटणाऱ्या माणसांची. कारणही उघड आहे. जे आपल्या चुलत्याला ठाऊक ते आपल्याला ठाऊक. आपल्या वर्तुळाबाहेरचा माणूसच आपल्याला माहीत नसलेली गोष्ट सांगू शकतो.

इथे कोणी म्हणेल, "अहो, त्यांचं ठीक आहे. आमचं आडनाव ऐकलं की समोरचा गप्प होतो." ही शंका खोटी नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवून पाहिले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, फरक फक्त नावात. दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या सुमारे दोन-तृतीयांशच भरली. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१२ मध्ये देशातल्या एक हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालकांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात अनुसूचित जाती-जमातींचे संचालक साडेतीन टक्के निघाले. म्हणजे आत कोण आणि बाहेर कोण, हे आकड्यांतच आहे.

मग नाव लपवायचे का? मुळीच नाही. आमचे म्हणणे असे की कोरा अर्ज जातो तेव्हा समोरच्याला नावाशिवाय दुसरे काही दिसत नाही. पण त्याच कंपनीतला कोणी म्हणाला, "या मुलाला मी ओळखतो, त्याचे काम मी पाहिले आहे," तर नावाच्या आधी काम उभे राहते. ज्यांना आत काका-मामा आहेत त्यांचे ओळखीवाचून थोडेफार भागेल. ज्यांना कोणीच नाही, त्यांनाच अनोळखी माणसाशी बोलण्याची सर्वांत जास्त गरज आहे.

आणि इथेच आपण अडखळतो. आपल्याला घरात शिकवले गेले की कोणापुढे हात पसरायचा नाही. ही शिकवण सोन्यासारखी आहे. पण तिचा अर्थ आपण असा करून बसलो की कोणाला काही विचारायचेच नाही. मुलगा म्हणतो, "त्या साहेबांना कशाला विचारू? त्यांना वाटेल वशिला मागायला आला." आई म्हणते, "राहू दे, आपल्यात लाचारी नाही." बंधू-भगिनींनो, वशिला आणि ओळख यांत फरक आहे. अंगात नसलेल्या पात्रतेवर दुसऱ्याच्या नावाचा शिक्का मारून घेणे म्हणजे वशिला. अंगात असलेली पात्रता योग्य माणसाच्या नजरेस आणणे म्हणजे ओळख. पहिल्यात मान जातो. दुसऱ्यात कोणाचे काय जाते?

स्वाभिमान कोणापासून शिकायचा तर बाबासाहेबांपासून. त्यांचेच आयुष्य पाहू. शाळकरी भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत असत. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक आणि लेखक तिथे येत. ते ना नात्याचे, ना जातीचे. वाचनावरून ओळख झाली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे कॉलेजच्या शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हा तेच त्यांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बागेतल्या एका ओळखीचा धागा कुठवर गेला बघा.

न्यूयॉर्कला वसतिगृहात नवल भथेना हा पारशी विद्यार्थी भेटला. ती ओळख वसतिगृहापुरती राहिली नाही. १९२० मध्ये अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करायला बाबासाहेब लंडनला निघाले, तेव्हा याच मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. इतकी वर्षे दोघांनी मैत्री जपली होती, म्हणून वेळेला शब्द टाकता आला.

तिसरे उदाहरण तर आमच्या विषयाचा धडाच आहे. जुलै १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांचे नेते आणि विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले. दोघांची कधी भेट नव्हती, आणि पत्रात ते सरळ सांगितले आहे. आपली भेट झालेली नाही, पण आपल्या नावाची आणि कार्याची माहिती आहे. मी अस्पृश्य समाजातला आहे आणि तुमच्या लोकांच्या प्रश्नाचा मी अभ्यासक आहे. आपल्या लोकांतर्फे संयुक्त राष्ट्रसंघाकडे निवेदन गेल्याचे वाचले. त्याच्या दोन-तीन प्रती मिळतील का? मजकूर एवढाच. ३१ जुलैला ड्युबॉइस यांचे उत्तर निघाले. हाताशी होते ते निवेदन त्यांनी सोबत जोडले, पुढचे तयार होईल तेव्हा पाठवतो म्हटले आणि पुढेही मदत करायची तयारी दाखवली. इतक्या मोठ्या माणसाला अनोळखी माणसाकडे दोन-तीन प्रती मागायला कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला दहा मिनिटे मागायला का वाटावा?

त्या पत्रात चार गोष्टी आहेत. मी कोण. तुमचे नाव मला कसे कळले. मी का लिहितो आहे. आणि नेमके काय हवे आहे, तेही लहानसे. आपला मुलगा आज फोनवर संदेश पाठवताना काय लिहितो? "सर, जॉब असेल तर सांगा." या ओळीला उत्तर येत नाही, कारण ती कोणी कोणालाही पाठवू शकतो. त्यापेक्षा असे लिहावे :

"साहेब, नमस्कार. मी अमुक. आयटीआयमधून मशिनिस्ट झालो, दोन वर्षे भोसरीत व्हीएमसी चालवतो. आमच्या वर्कशॉपमधल्या अमुक काकांनी आपले नाव सांगितले. मला ऑपरेटरचा सेटर व्हायचे आहे. त्यासाठी आधी प्रोग्रॅमिंग शिकावे की ड्रॉइंग-मेजरमेंट पक्के करावे, एवढेच विचारायचे आहे. आपल्या सोयीने दहा मिनिटे फोनवर बोलता आले तर बरे होईल. वेळ नसला तरी हरकत नाही."

यात नोकरी मागितलेली नाही. मार्ग विचारला आहे. नोकरी देणे त्या माणसाच्या हातात बहुधा नसते, म्हणून मागितली की तो अवघडतो. मार्ग सांगणे त्याच्या हातात असते आणि आपले कसब कोणी विचारले की माणसाला बरे वाटते. दहा जणांना लिहिले तर सात जण उत्तर देणार नाहीत. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. त्यांची शिफ्ट असते, घर असते. आठवड्याने एकदा नम्रपणे आठवण करावी, मग सोडून द्यावे. जे तिघे बोलतील ते आपले.

कोणाला लिहावे? एकदम मोठ्या साहेबाला नको. आपल्यापेक्षा दोन पायऱ्या वरच्याला. क्वालिटीतला इन्स्पेक्टर, स्टोअरचा माणूस, लाइनचा सुपरवायझर, निवृत्त टूलमेकर, आयटीआयमधले आपल्या आधीच्या बॅचचे विद्यार्थी, आपल्याला शिकवलेले निदेशक. अशी वीस नावे शांत बसून लिहिली तर प्रत्येकाला सापडतात.

ओळख करणे सोपे, टिकवणे कठीण. सिगालोवाद सुत्तात माणसे जोडून ठेवणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत : दान, प्रिय वचन, दुसऱ्याच्या हिताचे आचरण आणि समानतेची वागणूक. कारखान्याच्या भाषेत आम्ही त्या अशा सांगतो.

पहिली, रिकाम्या हाताने सारखे जाऊ नये. आपल्याकडे पैसा नसेल, पण बातमी असते. त्यांच्या शेडला फिटर हवा असेल तर चांगला फिटर कळवावा. कुठे जुने लेथ स्वस्तात निघाले तर सांगावे. दुसरी, बोलणे गोड आणि थोडके असावे. सणाला शंभर जणांना एकच चित्र पाठवणे म्हणजे बोलणे नव्हे. त्या माणसाचे नाव घालून दोन ओळी लिहाव्यात. तिसरी, सांगितलेले करून दाखवावे आणि कळवावे. "साहेब, तुम्ही म्हणालात म्हणून ड्रॉइंगचा क्लास लावला, परीक्षा झाली." हा एक निरोप दहा नमस्कारांच्या बरोबरीचा आहे. बहुतेक मुले सल्ला घेतात आणि नाहीशी होतात, आणि सल्ला देणाऱ्याला वाटते की आपले बोलणे वाया गेले. चौथी, खाली मान घालून नाही आणि चढेलपणानेही नाही, बरोबरीच्या नात्याने वागावे. तो निवृत्त झाला, त्याच्या हातात काही उरले नाही, तरी भेटायला जावे. त्याच्या घरी दुःख झाले तर उभे राहावे. गरज सरल्यावर जो जातो त्यालाच लोक लक्षात ठेवतात.

यासाठी एक छोटी वही करावी. नाव, कुठे भेट झाली, काय बोलणे झाले, पुढे कधी बोलायचे. वर्षातून तीनदा प्रत्येकाशी बोलणे झाले तरी पुष्कळ.

आता धंद्यातल्या मंडळींसाठी दोन शब्द. २००५ साली मिलिंद कांबळे यांनी पुण्यात दलित उद्योजकांची संघटना, म्हणजे डिक्की, सुरू केली आणि २०१० साली चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये दलित उद्योजकांचे प्रदर्शन भरवले. आपल्या लोकांनी आपला माल स्वतःच्या नावाने मांडला. २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणात सरकारी कंपन्यांच्या खरेदीतील चार टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योजकांसाठी ठेवला आहे. त्याला हातभार म्हणून २०१६ मध्ये राष्ट्रीय एससी-एसटी हब सुरू झाले. देहूरोड आणि खडकीचे दारूगोळा कारखाने तर आपल्या शेजारचेच. पण धोरणाने दार उघडते, आत पाऊल आपणच टाकायचे असते. खरेदी विभागाला तुमचे वर्कशॉप ठाऊक नसेल तर कागदावरचे टक्के कागदावरच राहतात. म्हणून औद्योगिक संघटनांच्या बैठकांना जा. १९३४ साली स्थापन झालेले मराठा चेंबर आहे, इथल्या लघुउद्योजकांची संघटना आहे, डिक्की आहे. तिथे मागच्या खुर्चीवर बसून चहा पिऊन परतू नका. दर वेळी दोन नव्या माणसांशी बोला. आपण कोणता पार्ट किती टॉलरन्समध्ये करतो, हे दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. पहिली ऑर्डर लहान घ्या, सॅम्पल वेळेवर द्या. माल उशिरा जाणार असेल तर त्यांनी विचारायच्या आधी तुम्ही फोन करा. ही ओळख पंचवीस वर्षे पुरते.

भगिनींना आणि मुलींना वेगळे सांगणे आहे. तुमच्या ओळखी घराबाहेर वाढू नयेत असे मानणारी घरे अजून आहेत. त्या घरांना आमची विनंती आहे की मुलीला शिकवले तसे बोलूही द्या. भेट दिवसा, कामाच्या ठिकाणी नाहीतर विहारात, सोबत मैत्रीण घेऊन व्हावी, एवढी काळजी पुरेशी आहे. आणि सर्वांनीच लक्षात ठेवावे : नोकरीसाठी आधी पैसे मागणारा, मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणारा माणूस ओळखीचा असो वा अनोळखी, तिथून उठून यावे.

शेवटची गोष्ट आपल्यापैकी जे आत पोहोचले आहेत त्यांच्यासाठी. आपल्यातही काही जण गेटच्या आत गेले की वस्तीचा फोन उचलत नाहीत. "एकाचं केलं की दहा येतात," असे म्हणतात. दहाही येऊ द्यात. प्रत्येकाला नोकरी लावा असे कोणी म्हणत नाही. न पाहिलेल्या कामाची हमीही देऊ नका, कारण शिफारस ही आपली पत आहे आणि एकदा गेली की पुढच्या मुलाच्याही उपयोगाची राहत नाही. पण दहा मिनिटे द्या. केळुसकर गुरुजींनी बागेतल्या एका मुलाला वेळ दिला नसता तर काय झाले असते, याचा विचार करा.

म्हणून समितीपुढे आमची एक सूचना आहे. विहारात एक नोंदवही ठेवावी. वस्तीतल्या प्रत्येक नोकरदाराने, निवृत्त माणसाने, कारखानदाराने, परिचारिकेने, शिक्षकाने आपल्या इच्छेने त्यात नाव, काम आणि रविवारचा सोयीचा वेळ लिहावा. घरचा पत्ता नको, फोन नंबर नको, भेट विहारातच. मुलांनी यावे, विचारावे, पुढच्या महिन्यात येऊन काय झाले ते सांगावे. ज्याला मार्ग मिळाला त्याने दोन वर्षांनी त्याच वहीत स्वतःचे नाव लिहावे. कार्यक्रम संपल्यावर ही वही दारापाशी ठेवलेली असेल. पहिल्या पानावर आम्ही आमची नावे लिहिली आहेत. पुढची पाने कोरी आहेत. जाताना एवढे करून जा.



जय भीम! नमो बुद्धाय!